पोत्यावरचा शब्द

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्यावरून थट्टा चालली होती. आई ओट्याशी उभी राहून कॉफीचे फुटके दाणे पाखडत होती. मुलगी नुकतीच दवाखान्यातल्या कामावरून आली होती आणि अंगातला पांढरा गणवेशही न बदलता खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"आज कसली कसली माणसं निवडलीस?" आईने विचारले.

"एक जण बोटात काडी घुसली म्हणून आला होता. म्हणे, आधी मला बघा, मी मोठ्या साहेबांच्या ओळखीचा आहे."

"मग?"

"मग काय, बांधली हिरवी पट्टी, बसवला खुर्चीत. जाईपर्यंत आमच्या सगळ्यांचा उद्धार करत होता."

"आणि तुझी काकू आली तर?"

"काकू लाल. दारातूनच लाल. तिला आधी बघितलं नाही, तर आपल्यालाच दाखल व्हायची पाळी."

आई हसली. सुपातला कचरा फुंकून टाकत तिने सहज विचारले, "आणि गं ठमे, मी?"

"तू काय, कायमची हिरवी. तुला कधी काही झालंय?"

मित्रांनो, त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता. साध्या दिवसावर तसे काही लिहिलेले नसते, त्यामुळे तो तसाच गेला. कॉफी झाली, भांडी झाली, कपडे घड्या करून झाले. मी त्या दोघींच्या बोलण्यात होतो म्हणून हे सांगू शकतो. मी माणूस नाही, भांडे नाही, यंत्रही नाही. मी एक जुना शब्द आहे. माझे नाव ट्रियाज.

तुम्ही मला ओळखत नसाल, तर त्यात तुमचा दोष नाही. मी चारचौघांत फारसा दिसत नाही. आणि शब्दाला हात नसतात, पाय नसतात, नवल म्हणजे तोंडही नसते. कोणी उच्चारले तर मी आहे, नाहीतर नाही. कोणी मला चुकीच्या जागी ठेवले, तरी मला तिथून उठता येत नाही. ही माझी लाचारी आहे. पुढचे ऐकताना ती लक्षात असू द्या.

माझा जन्म फ्रेंच भाषेत झाला. तिथे निवडणे, वेगळे काढणे अशा अर्थाचे एक क्रियापद आहे. धान्यातले खडे निवडतात ना, तसे निवडणे. त्या क्रियापदाच्या पोटी मी जन्मलो. मी म्हणजे निवडण्याचे काम. पुष्कळांना वाटते की माझ्या नावाच्या सुरुवातीला 'ट्रि' आहे, म्हणजे माझे तीन या आकड्याशी काही नाते असणार. तसे काही नाही. माझ्यात आकडा नाही. माझ्या अर्थात फक्त एक हात आहे, आणि त्या हाताला दाणा बरा की वाईट हे ठरवायचे आहे.

इंग्रजी भाषेत मी कामाला लागलो तो लोकरीच्या व्यापारात. मऊ लोकर एकीकडे, जाडीभरडी दुसरीकडे. इंग्रजांनी माझे स्पेलिंग बदलले नाही आणि माझ्या नावाच्या शेवटचा मऊ फ्रेंच सूरही बराचसा तसाच राहू दिला. परक्या भाषेत राहायला गेलेल्या शब्दाला आणखी काय हवे असते? आपले नाव कोणी धड घ्यावे, एवढेच.

माझा एक चुलत भाऊ माझ्या कितीतरी आधी तिकडे जाऊन स्थिरावला होता. त्याला तुम्ही नक्की ओळखता. त्याचे नाव ट्राय. 'ट्राय करून बघ' असे तुम्ही दिवसातून कितीदा म्हणता! तोही आमच्याच निवडणाऱ्यांच्या कुळातला. आधी तो पारखायचा, मग तपासायचा, आणि असे करता करता त्याचा अर्थ सरकत सरकत 'प्रयत्न करणे' इथवर गेला. तो घरोघरी पोहोचला. मी गोदामात राहिलो.

कॉफीच्या व्यापारात तर माझी आणखी घसरण झाली. चांगले दाणे निवडून घेतल्यावर जे फुटके-तुटके उरते, त्यालाच लोक माझ्या नावाने ओळखू लागले. एके काळी मी कामाचे नाव होतो. आता गाळाचे नाव झालो. फुटक्या दाण्यांच्या पोत्यावर माझे नाव काळ्या रंगाने छापत, आणि ते पोते सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून ठेवत.

मग एक मोठे युद्ध झाले. जखमी माणसांच्या रांगा लागल्या आणि डॉक्टर मूठभर. काही जखमी असे होते, की थोडे थांबले तरी वाचणार होते. काही असे, की काही केले तरी वाचणार नव्हते. आणि काहींना आत्ता, या क्षणी हात लावला तरच ते जगणार होते. या तिघांना वेगळे करण्यासाठी फ्रेंच डॉक्टरांना एक शब्द हवा होता. त्यांनी मला हाक मारली. पुढे इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनीही मला तसाच उचलला. लोकर आणि फुटके दाणे यांच्यातून उठून मी एकदम माणसांच्या उशाशी आलो. मला मान मिळाला. पण मित्रांनो, तो मान असा होता, की मिळाल्यावर झोप उडावी.

आता मी मोठ्या दवाखान्यांच्या दारात असतो. माझा अर्थ नीट समजून घ्या. मी म्हणजे औषध नव्हे, उपचार नव्हे, रोगाचे निदानही नव्हे. मी फक्त एक प्रश्न आहे: आधी कोण? लाल पट्टी म्हणजे आत्ता. पिवळी म्हणजे थोड्या वेळाने. हिरवी म्हणजे बसा, बोलावतो. काळीविषयी मी काही बोलत नाही. हल्ली संगणकावर काम करणारी मंडळीही मला बोलावतात, कोणती चूक आधी दुरुस्त करायची ते ठरवायला. तिथे मला हलके वाटते. तिथे रांगेत कोणी कण्हत नसते.

आता त्या मायलेकींकडे येतो.

आई कॉफी निवडण्याच्या कारखान्यात होती. लांबलचक पट्टा हळूहळू सरकत असे, त्यावरून दाणे येत, आणि दोन्ही बाजूंनी बायका बसलेल्या असत. काळा दाणा डाव्या हाताच्या डब्यात, फुटका मांडीवरच्या पत्र्याच्या पेटीत, चांगला दाणा सोडून द्यायचा. त्या टेबलावर एक नियम होता. पुढे गेलेल्या दाण्याकडे वळून बघायचे नाही. नवी बाई हमखास वळून बघे, आणि ती वळली की समोरून दहा काळे दाणे निसटत. मग आईच्या समोर बसणारी मावशी ओरडे, "गेला तो गेला! पुढचा बघ!" या मावशीचा आवाज यंत्रांच्या खडखडाटावरून पलीकडच्या गोदामात जाई. सगळे तिला भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती ओ देई.

फुटके दाणे बायकांना घरी न्यायची मुभा होती. त्या घरात कधीच दुसरी कॉफी आली नाही. मुलगी लहान असताना वडील वारले, तेव्हापासून घरात या दोघीच. पण येणारेजाणारे पुष्कळ. आई कॉफी गाळे आणि पहिला कप पाहुण्याला, मग शेजारणीला, मग मुलीला देई. सगळ्यांत शेवटी भांडे तिरके करून तळाची गढूळ कॉफी आपल्या कपात ओती. "मला तळाचीच आवडते," असे ती म्हणे. हे खरे होते की नाही, मला माहीत नाही. कोणी कधी दुसऱ्यांदा विचारले नाही.

मुलगी नर्स झाली. दवाखान्याच्या दारातल्या टेबलावर तिची नेमणूक झाली, त्या दिवशी तिने घरी येऊन माझे नाव घेतले.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"ट्रियाज."

"अगं बाई!" आईने कपाळाला हात लावला. "हा तर आमच्या पोत्यावरचा!"

मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. दोन टोकांना दोन आयुष्ये जगणारा मी, त्या छोट्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा एक झालो. दुसऱ्या दिवशी आईने ही बातमी सबंध टेबलाला सांगितली. भोंगा मावशीने ती सबंध कारखान्याला सांगितली.

"मायलेकी एकाच धंद्यात म्हणायच्या! ही दाणे निवडते, ती माणसं."

"फरक आहे गं," आई म्हणाली. "इथे फुटका शेवटी जातो. तिच्याकडे फुटक्याला आधी घेतात."

"मग मला ने बाई तिच्याकडे. माझे दोन्ही गुडघे फुटकेत."

बायका हसल्या. आईही हसली. पण मग पट्ट्यावर नजर ठेवून ती हळूच म्हणाली, "बरं आहे. कुठेतरी घेतात आधी."

त्यानंतरची वर्षे माझी सगळ्यांत सुखाची. मुलगी रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या गोष्टी सांगे. कोणाला कोणता प्रश्न विचारायचा, कोणत्या उत्तराला कोणता रंग, सगळे. "छाती, हात, जबडा आणि घाम," ती बोटांवर मोजत सांगे, "हे चार एकत्र आले की पळायचं." आई दाणे पाखडत ऐके. बघता बघता तिला सगळे प्रश्न पाठ झाले. आणि उत्तरेही.

मित्रांनो, कायमची हिरवी, असे मुलगी म्हणाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी टेबलावर आईच्या समोरून एक काळा दाणा निसटला. मग आणखी एक. भोंगा मावशीने मान वर करून बघितले. आईचा डावा हात मांडीवर पडला होता आणि उजवा तेवढा चालत होता. चेहरा घामाने ओला होता.

"उठ," मावशी म्हणाली.

"उगीच काय. पित्त आहे."

"पित्ताने काळा दाणा सुटत नाही तुझा. उठ म्हणते ना!"

मावशी तिला घेऊन दवाखान्यात आली, आणि नेमकी त्याच वेळी कामगारांची एक बस घाटात उलटली होती. दारात स्ट्रेचरवर स्ट्रेचर येत होते. रक्ताने भिजलेले सदरे, एकच बूट घातलेले पाय, आपल्या माणसाचे नाव घेऊन धावणाऱ्या बायका. पलीकडच्या दाराशी मुलगी वाकून कोणाच्या तरी मनगटाला लाल पट्टी बांधत होती. आई उंबऱ्यातच थांबली. तिने सगळे बघून घेतले. सरकता पट्टा बघावा तसे.

"चल, तिला हाक मारते," मावशी म्हणाली.

"तोंड उघडायचं नाही. शपथ आहे तुला माझी. उद्या म्हणतील, आईला आत घेतलं आणि आमचा माणूस दारात ठेवला."

"अगं पण..."

"ती पोरं बघ. मी आपल्या पायांनी चालत आलेय."

चालत येणाऱ्यांच्या टेबलाशी एक नवी सिस्टर होती. तिच्या नोकरीत अशी गर्दी पहिल्यांदाच आली होती.

"काय होतंय, काकू?"

"काही नाही गं. पित्त उसळलंय."

"छातीत दुखतंय?"

"छे."

"हात? जबडा?"

"रात्री उशी नीट नव्हती. मान जरा अवघडलीये."

"घाम आलाय तुम्हाला."

"ऊन बघितलंस का बाहेर?"

चारही लक्षणे आईने पुसून टाकली. कुठले उत्तर दिले की कुठला रंग मिळतो, हे तिला लेकीनेच शिकवले होते. नव्या सिस्टरने नाडी बघितली. ती जलद होती, पण उन्हातून चालत आलेल्या बाईची असावी तितकीच. तिने हिरवी पट्टी बांधली.

मी तिथेच होतो. त्या टेबलाच्या वर, पाटीवर, हातभर मोठ्या अक्षरांत. माझ्याच नावाखाली हे घडत होते. मला दिसत होते की हा दाणा चुकीच्या पेटीत पडला आहे. मला ओरडायचे होते. पण मी सांगितले ना, मला तोंड नाही. जिला तोंड होते, जिचा आवाज गोदामापर्यंत जाई, ती भोंगा मावशी ओठ घट्ट मिटून उभी होती. आईने तिचा हात धरून ठेवला होता.

दोघी भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसल्या. स्ट्रेचर ढकलता ढकलता मुलीची नजर तिकडे गेली आणि ती थबकली. आईने मनगट वर केले, हिरवी पट्टी दाखवली, आणि आवाज न करता नुसत्या ओठांनी म्हणाली, "हिरवी." कालची थट्टा. मग हातानेच खूण केली, जा, काम कर. एवढ्या रक्तात आणि धावपळीतही मुलीच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आले. तिने एक बोट वर केले. आलेच. आणि ती स्ट्रेचरबरोबर आत गेली.

मध्ये किती वेळ गेला, ते मी सांगणार नाही. मुलीने तो हिशेब पुष्कळदा केला आहे आणि दर वेळी उत्तर वेगळे येते.

"ठमे!"

तो आवाज कारखान्यातला होता. सगळा दवाखाना वळून बघू लागला. भोंगा मावशीने शपथ मोडली होती. आई खुर्चीतून तिच्या खांद्यावर कलंडली होती, आणि मावशी एका हाताने तिला सावरत दुसऱ्या हाताने हवेत काहीतरी पकडू बघत होती.

लाल पट्टी मुलीने स्वतः बांधली. हिरवी कापायला कोणाला वेळ नव्हता. एकाच मनगटावर दोन्ही होत्या. मोठे डॉक्टर धावत आले. आणि त्या पडद्यामागे, इतक्या वर्षांनी, मला माझा चुलत भाऊ भेटला.

"ट्राय करतोय आपण, सिस्टर. ट्राय करतोय," डॉक्टर छाती दाबता दाबता म्हणत होते. त्यांना धाप लागली होती.

माझे काम चुकले की त्याला बोलावतात. तो आला आणि जिवापाड झटला. मग तोही गप्प झाला.

नवी सिस्टर नंतर औषधांच्या खोलीत भिंतीला तोंड लावून रडत होती. मुलगी तिच्याकडे गेली. "तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "तिला सगळे प्रश्न येत होते. मीच..." पाण्याचा पेला नव्या सिस्टरच्या हातात देऊन ती बाहेर आली.

कोणी कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, असे कधीकधी वाटते. दोष ठेवायला एक जागा तरी असती.

काही दिवसांनी मुलगी पुन्हा त्याच टेबलावर बसू लागली. पट्ट्या त्याच, प्रश्न तेच, पाटीवर मी तोच. पण एक गोष्ट बदलली आहे. जरा उसंत मिळाली की ती उठते आणि हिरव्या पट्टीवाल्यांच्या खुर्च्यांसमोरून चालत जाते. एकेकाच्या कपाळाला हात लावते. "आता कसं वाटतंय?" विचारते. "बरंय" असे उत्तर आले की लगेच पुढे जात नाही. तिथेच थोडी उभी राहते आणि विचारते, "खरं सांगा." लोक कधी वैतागतात. कधी एखादा मग खरे सांगतो. आईच्या टेबलावरचा नियम तिने मोडला आहे. ती वळून बघते.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. मला वापरताना घाई करा, ती करावीच लागते, पण एकदा निवडले की संपले असे समजू नका. तसा माझा अर्थ कधीच नव्हता. आणि दवाखान्यात जायची गरज नाही, मी तुमच्या घरातही आहे. जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे तुम्ही आधी धावता. धावा. पण तुमच्या घरात कोणीतरी असेल, जे नेहमी म्हणते, मला काही झालेले नाही, मला तळाचेच आवडते. त्यांच्या मनगटावर तुम्हीच कधीतरी हसत हसत एक हिरवी पट्टी बांधलेली असते. त्यांना दुसऱ्यांदा विचारा. ते मला हाक मारणार नाहीत. आणि मला तुम्हाला हाक मारता येत नाही.

परवा सुटीच्या सकाळी भोंगा मावशी घरी आली. तिने पिशवीतून फुटक्या दाण्यांची पुडी काढून ओट्यावर ठेवली.

"आता तरी चांगली आणत जा. मोठी सिस्टर झालीस."

"हीच चांगली लागते, मावशी."

"आईवर गेलीस."

मुलीने कॉफी उकळली, झाकून ठेवली, मग गाळायला घेतली. ओट्यावर दोन कप होते. तिने फळीवरून तिसरा काढला. आईचा, काठाला टवका उडालेला. तो धुतला, पुसला आणि बाकीच्या दोन कपांच्या शेजारी ठेवला.

भांडे हातात घेतल्यावर मुलीचा हात सवयीने मावशीच्या कपाकडे गेला. तिथे तो थांबला. मग वरची स्वच्छ, वाफाळती कॉफी तिने टवका उडालेल्या कपात ओतली, अगदी काठापर्यंत. भांडे खाली ठेवले. दोन्ही हातांनी कप टेबलाच्या त्या बाजूला सरकवला, जिथे आता खुर्ची रिकामी असते.

"आई," ती म्हणाली, "आधी तू."